सासऱ्यांना जेवण जात नाही. पान रुचकर कशाने होते?

अबोली:

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, पण अनेकांच्या घरी तो कधी ना कधी उभा राहिला असेल, म्हणून सविस्तर लिहिते. माझे सासरे 79 वर्षांचे आहेत. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात ते प्राथमिक शिक्षक होते आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहत होते. गेल्या माघात सासूबाई गेल्या आणि चैत्रात आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणले. आले तेव्हा त्यांचे वजन 61 किलो होते. काल केले तर 55 भरले. मधल्या काळात रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली, त्यांत काळजीचे काही निघाले नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मीठ बेताचे ठेवायला सांगितले आहे, आणि बाकी या वयात भूक मंदावतेच, असे आम्हाला सांगण्यात आले.

मी आणि माझे यजमान सकाळी साडेआठला घराबाहेर पडतो. स्वयंपाकाच्या मावशी सात वाजता येऊन पोळ्या, भाजी, वरण आणि भात करून जातात. बाबांचे दुपारचे जेवण कॅसरोलमध्ये भरून टेबलावर ठेवलेले असते आणि एक वाजता ते स्वतः वाढून घेतात. रात्री आम्ही परतलो की सव्वानऊच्या सुमारास सगळे एकत्र जेवतो; तेव्हा दलिया, मुगाची मऊ खिचडी, भाज्यांचे सूप असे पचायला हलके काहीतरी मी करते. मीठ, तेल आणि तिखट या तिन्हींवर मी कटाक्षाने हात आखडता ठेवला आहे.

इतके करूनही पान तसेच राहते. पोळीचा मधला भाग खाल्लेला असतो आणि कडा ताटाच्या काठाशी एकावर एक ठेवलेल्या असतात. भाजी बाजूला सारलेली असते, वरणावर साय धरलेली असते. "बाबा, आवडले नाही का?" असे विचारले की ते दर वेळी एकच उत्तर देतात, "छान झाले आहे, मला आता एवढे पुरते." ते तक्रार करत नाहीत, आणि मला सर्वांत अधिक त्याचाच त्रास होतो, कारण तक्रार केली असती तर निदान काय बदलायचे ते कळले असते.

मला केवळ पाककृती नको आहेत. तुम्हाला स्वतःला जेवावेसे कशाने वाटते, तुमच्या जेवणाच्या सवयी कोणत्या, आणि कधी अन्नावरची वासना उडाली असेल तर ती परत कशी आली, हे कृपया लिहावे.


मिरजेची सावित्री:

अबोलीताई, मी 34 वर्षे रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे आधी शरीराचे लिहिते. मनात नसताना सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक उतरले तर ती गोष्ट नुसती वयावर ढकलू नये. तुमच्या सासऱ्यांचे जवळजवळ 10 टक्के उतरले आहे, म्हणून डॉक्टरांकडे हे आकडे घेऊन पुन्हा जावे.

जाण्यापूर्वी त्यांचे तोंड उजेडात नीट पाहा. कवळी असेल तर ती सैल झाली आहे का, हिरडीला कुठे घासते का, ते पाहा. माणूस बारीक होतो तशा हिरड्याही आक्रसतात आणि बसती कवळी हलू लागते. मग चावताना दुखते, आणि पुष्कळ वृद्ध माणसे दुखते असे न सांगता चावणेच सोडतात. पोळीच्या कडा ताटात राहतात असे तुम्ही लिहिले आहे, ते वाचून मला सर्वांत आधी कवळीचीच शंका आली. जीभ गुळगुळीत, लालसर आणि आग होणारी दिसली तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी वृद्धांमध्ये ते कमी असणे नित्याचे आहे, आणि त्याच्या अभावी जीभही बिघडते, भूकही जाते. तोंड कोरडे पडते का, शौचाला साफ होते का, हेही विचारा. बद्धकोष्ठ असेल तर पुढ्यात अमृत ठेवले तरी घास उतरत नाही.

गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा. काही औषधांनी तोंडाची चव बदलते. रक्तदाबावरच्या कॅप्टोप्रिलने आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने तोंडात धातूसारखी चव येते अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. गोळी मात्र आपणहून बंद करू नका. आणि शेवटचे म्हणजे त्यांचे मन. इतक्या वर्षांचा संसार संपल्यावर माणसाला काही नकोसे वाटते, पण झोप उडाली असेल, वर्तमानपत्र वाचणे सुटले असेल, दिवसभर गप्प बसून राहत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार असतात.

वॉर्डात एक गोष्ट मी रोज पाहत असे. ताट भरून नेले की वृद्ध रुग्ण ते पाहूनच मान फिरवीत, आणि तेच अन्न लहान ताटलीत चतकोर भाकरी, दोन चमचे भाजी असे नेले की संपवीत आणि कधी कधी आणखी मागत. मागून घेतलेला घास अंगी लागतो असे आमच्या मेट्रन म्हणत असत. कमी वाढा, दिवसातून पाच वेळा वाढा, आणि वाढाल त्यात तूप, दूध, दाण्याचे कूट असे काही घाला, म्हणजे थोडक्या घासांत अधिक जाईल. जेवणाच्या तोंडावर पेलाभर पाणी किंवा सूप देऊ नका, त्यानेच पोट भरते. सूप द्यायचेच असेल तर ते जेवणाऐवजी नको.


तिरफळ:

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. शाळेत विज्ञान शिकवत असे, आता 66 वर्षांचा आहे. सात वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि त्यानंतरचे वर्षभर मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून दूध-पाव खात असे. स्वयंपाक येत नव्हता असे नाही. भात लावायचा, आमटी करायची, आणि मग ती कोणासाठी, या प्रश्नाशी माझे पाऊल अडत असे. म्हणून तुमच्या सासऱ्यांचे "एवढे पुरते" मला फार ओळखीचे वाटले.

ते वर्ष संपले ते बहिणीमुळे. ती चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच दिवशी पाट मांडून, पान घेऊन तिने मला जेवायला बसवले. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, कैरीचे लोणचे, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भाताची लहानशी मूद, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. पदार्थ रोजचेच होते, एकही अवघड नव्हता. तरी मी त्या दिवशी दोनदा भात घेतला. पुढे मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला असे वाटते की आपल्या ताटाची डावी बाजू ही भूक जागी ठेवण्याची युक्ती आहे. एकच पदार्थ खात राहिले की पोट भरण्याच्या आधी त्या पदार्थाचा कंटाळा येतो, आणि चव पालटली की भूक पुन्हा उभी राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. लग्नाच्या पंगतीत आता घासही नको म्हणणारा माणूस मठ्ठा आला की वाटी पुढे करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहेच. तुमच्या सूप, दलिया, खिचडी यांत पहिला घास आणि विसावा घास अगदी सारखा लागतो. विसाव्या घासापर्यंत जाण्याचे कारणच त्यात उरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. इव्हान पाव्हलोव्ह यांना 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्यांनी दाखवले की अन्न पोटात पोहोचण्याची वाट जठर पाहत नाही. अन्न दिसले, त्याचा वास आला, ते तोंडात घोळले, की तेवढ्यानेच जठररस सुटू लागतो. म्हणजे जेवण खऱ्या अर्थाने पहिल्या घासाच्या बरेच आधी सुरू होते. आमच्या जुन्या घरात चूल आणि माजघर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि तीही छतापर्यंत गेलेली नव्हती. हिंग-मोहरीची फोडणी चुरचुरली की ओटीवर बसलेल्या माणसाला जेवायला किती अवकाश आहे हे कळत असे. कढीपत्त्याचा वास आला की आमटी झाली, भाकरी भाजल्याचा वास आला की पाने घ्यायची वेळ झाली.

म्हणून मला तुम्हाला विचारायचे आहे. मावशी सात वाजता फोडणी देतात तेव्हा बाबा कुठे असतात? स्वयंपाकघरात वास ओढून घेणारी विजेची चिमणी आहे का, आणि दार बंद असते का? एक वाजता ते कॅसरोलचे झाकण उघडतात तेव्हा त्यातून कसला वास येतो, हे तुम्ही एखाद्या सुटीच्या दिवशी स्वतः त्या वेळी उघडून पाहावे, अशी माझी विनंती आहे.


अबोली:

सावित्रीताई, आज त्यांना दंतवैद्यांकडे नेले. कवळी खरोखरच सैल होती आणि उजवीकडे हिरडीला लहानसा व्रण होता. त्यांना विचारले तर म्हणाले, "आहे थोडे, चालायचेच." बी-12 साठी रक्तही दिले आहे.

तिरफळ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी मी मुद्दाम सकाळी सात वाजता सगळे भरून ठेवले आणि एक वाजता उघडले. पोळ्यांना वाफेचे पाणी सुटून खालच्या दोन पोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मेथीच्या भाजीचा हिरवा रंग जाऊन ती काळपट झाली होती. वास येत होता तो कोंडलेल्या वाफेचा. लसणाचा नाही की मेथीचा नाही. मी त्यातले दोन घास खाल्ले आणि मला पुढे जाववेना. सहा महिने ते हेच जेवत आहेत आणि छान झाले आहे म्हणत आहेत. चिमणी आहे, ती मावशी आल्याबरोबर सुरू करतात. स्वयंपाकघराला सरकते काचेचे दार आहे, आणि बाबांची झोपमोड होऊ नये म्हणून ते मीच लावून घेत असे.


एल्बकाठची:

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षे जर्मनीत ड्रेस्डेनला राहते. तुमचा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण करोनानंतर माझी वास येण्याची शक्ती जवळजवळ आठ महिने गेली होती, आणि जेवणातली चव म्हणजे नेमके काय, हे मला त्या आठ महिन्यांत कळले.

जिभेला आंबट, गोड, खारट, कडू आणि मांस-टोमॅटो यांतली ती भरीव चव, जिला 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी उमामी हे नाव दिले, एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सारे नाकाचे काम असते. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि आपल्याला वाटते की जिभेलाच ते कळले. खात्री करून घ्यायची असेल तर नाक चिमटीत घट्ट धरून गोडा मसाला जिभेवर ठेवा. थोडा कडवटपणा आणि खरखर यांपलीकडे काही लागणार नाही. मग नाक सोडा, आणि दगडफूल, तीळ, खोबरे, दालचिनी सगळे एकदम दारातून आत आल्यासारखे येतील. माझे नाक आठ महिने धरलेलेच होते. आईने पाठवलेली काळ्या मसाल्याची पिशवी मी उघडून तोंडाशी नेत असे आणि ती भुशासारखी वाटत असे. एकदा त्यावरून मी खूप रडले होते.

त्या काळात मी जगले ती दोन गोष्टींवर. एक म्हणजे तिखट, कारण मिरचीची आग ही चव नसून स्पर्शाच्या जातीची संवेदना आहे आणि तिचा मज्जातंतू वेगळा असतो, त्यामुळे वास गेला तरी ती राहते. दुसरी म्हणजे कुरकुरीतपणा. मऊ भात मला लगदा वाटत असे, पण त्याच भातावर भाजलेले शेंगदाणे, चुरलेला पापड किंवा तळलेली कुरडई घातली की घास चावावासा वाटे. चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी ऑक्सफर्डला केलेला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बटाट्याचे वेफर खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज कानातल्या यंत्रातून मोठा करून ऐकवला, तर त्यांना तेच वेफर अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटले. म्हणजे कानही जेवतो. वय वाढते तसा वास कमी येऊ लागतो, आणि तो इतका हळूहळू जातो की माणसाला स्वतःला कळत नाही, एवढेच वाटते की अन्नाला पूर्वीसारखी चव राहिली नाही. तुमच्या बाबांचे तसे झाले असेल, आणि त्यात मऊ, फिके, बिनआवाजाचे अन्न पुढ्यात आले, तर त्यांनी कशाच्या आधारावर जेवावे?

माझे नाक परत आले त्यात काळाचा वाटा किती आणि सरावाचा किती हे सांगता येणार नाही, पण सराव मी केला. तो याच शहरातल्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी 2009 मध्ये मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांच्या कुप्या सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, त्या वासाची आठवण मनात आणत हुंगायच्या. मी त्यांत पाचवी हिंगाची डबी आपल्या मनाने घातली होती. हिंग सर्वांत आधी परत आला.

सवयीविषयीही थोडे लिहिते. इथे संध्याकाळचे जेवण बहुतेक घरी थंड असते, पाव, चीज, काकडीच्या फोडी, आणि त्याला नावच संध्याकाळचा पाव असे आहे. माझे यजमान जर्मन आहेत, त्यांना त्यातच घरपण वाटते. मला अकरा वर्षांनंतरही ताटातून वाफ निघाल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. ज्याने 79 वर्षे तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी खाल्ली, त्याचा देह तिचीच वाट पाहत असणार.


सदाफुली:

एवढ्या चांगल्या चर्चेत माझी एक काळजीची सूचना. वर लोणचे, पापड, कुरडई ही नावे आली आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि तोही रक्तदाबाला चांगला नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही खारटपणाची जागा आंबटपणाला दिली. वरणावर लिंबू, आमसुलाचे बिनमिठाचे सार, भाजीवर वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर, आणि तुपातली लसणाची फोडणी अगदी शेवटी. फोडणी आधी घालून भाजी शिजत ठेवली की तिचा वास वाफेबरोबर निघून जातो. वाढायच्या वेळी वरून दिली की तीच चमचाभर फोडणी दुपटीने जाणवते. कोरडी चटणी हवी तर कारळाची किंवा जवसाची घरी करावी, तीत मीठ नावापुरते घातले तरी ती चांगली लागते, कारण तिचा खमंगपणा भाजण्यातून आलेला असतो.


शतावरी:

मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांत पदार्थ कोणता याला जेवढी जागा आहे तेवढीच तो कसा शिजवला, किती वाढला, कुठे आणि कोणत्या वेळी खाल्ला, आणि खाणाऱ्याला कशाची सवय आहे यांनाही आहे. अबोलीताई, तुम्ही आठांपैकी पहिल्यावर सारे बळ खर्च केले आहे. काळाचे तेवढे पाहा. गावाकडे ते संध्याकाळी किती वाजता जेवत असत? बहुधा सातच्या आत. सव्वानऊला त्यांची भूक येऊन निघून गेलेली असेल.

त्याच ठिकाणी जेवताना बोलू नये, हसू नये, जेवणात मन ठेवावे असेही सांगितले आहे. वर सोबतीचा विषय आला म्हणून हे लिहिते. मला यांत विरोध दिसत नाही. सोबत हवी, पण जेवताना त्यांना "का नाही जेवलात, अजून घ्या ना" असे विचारत राहणे म्हणजे त्यांचे लक्ष घासावरून आपल्या काळजीकडे वळवणे होय.


तिरफळ:

शतावरी यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे, पण ज्याची भूक मेली आहे त्याला आग्रहाने ओशाळे वाटते, आणि ओशाळलेला माणूस लवकर उठतो. माझी बहीण समोर बसून मुकाट्याने भाजी निवडत असे. मला तेवढे पुरे होते.


अबोली:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

कवळी नव्याने बसवून घेतली. बी-12 कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू आहेत. त्यामुळे पुढे जे लिहिते त्यातले किती इंजेक्शनांनी झाले आणि किती जेवणाच्या बदलाने, हे मी वेगळे काढू शकत नाही.

मावशींशी बोलून त्यांची वेळ सकाळी सातवरून दुपारी पावणेबारावर नेली. आमचे दोघांचे डबे आता मीच करते. झोप थोडी कमी होते, पण चालते. काचेचे दार उघडे राहते आणि फोडणीच्या वेळी चिमणी बंद असते. पहिल्या दिवशी मावशींनी भाकरी थापायला घेतली आणि तो आवाज ऐकून बाबा आपणहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, असे त्यांनी मला संध्याकाळी सांगितले. त्यांनी तिथेच खुर्ची दिली. आता ते रोज तिथे बसून भाजी निवडतात, लसूण सोलतात, आणि तव्यावरची पहिली भाकरी, पापुद्रा फुगलेली, तूप लावून त्यांच्याच हातात जाते. ती ते कडांसकट खातात. रात्रीचे जेवण साडेसातला ते आधी जेवतात. आम्ही पोहोचलेलो असलो तर मी नुसती शेजारी बसते आणि काही विचारत नाही. काचेच्या पांढऱ्या ताटलीऐवजी सासूबाईंचे स्टीलचे ताट गावाहून मागवून घेतले आहे आणि त्यात डावी बाजू रोज असते, मग ती लिंबाची फोड आणि जवसाची चटणी एवढीच का असेना.

एक चूक मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली, आणि ती इथे कोणी विचारली नव्हती. सासूबाई रोज सकाळी चहा घेताना त्यांना विचारत असत, "आज काय करू?" ते बहुतेक वेळा "कर काहीही" म्हणत, तरी विचारणे कधी चुकले नाही. आमच्याकडे सहा महिन्यांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पथ्य म्हणून, पौष्टिक म्हणून मीच सारे ठरवत होते. मागच्या सोमवारी मी विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "वाघ्या घेवड्याची आमटी जमेल का?" मी नागपूरकडची, आमच्याकडे तुरीच्या वरणावर सगळे भागते, तो पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा मी केवळ त्यांच्या गावी पाहिला होता. इथल्या मंडईत मिळाला. कांदा-खोबरे भाजून, वाटून, सासूबाई करत तशी आमटी त्यांना विचारत विचारत केली.

जेवताना त्यांनी पहिला घास घेतला, थोडे थांबले आणि म्हणाले, "घेवडा अंमळ कच्चा राहिला आहे. आणि खोबरे आणखी भाजायला हवे होते." मग वाटी संपवली आणि पुन्हा घेतली. ही त्यांनी आमच्या घरी केलेली पहिली तक्रार. माझे यजमान आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो.

वजन आज 56 भरले. उद्या पुन्हा तीच आमटी करायची आहे. घेवडा किती वेळ भिजवावा?


मिरजेची सावित्री:

रात्रभर, निदान आठ तास भिजवा, भिजवलेले पाणी टाकून द्या आणि नवे पाणी घालून कुकरमध्ये दाणा बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवा. हा घेवडा राजम्याच्याच जातीचा आहे, आणि अर्धाकच्चा राहिला तर त्याने उलट्या आणि जुलाब होतात, त्यामुळे बाबांची तक्रार अगदी योग्य होती. त्यांना दाणा दाबून पाहायला सांगा. वजन रोज करू नका, पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करा आणि तारखेसह लिहून ठेवा.